पाच वाजून बावीस मिनिटं

"डॉटी दिसली का गं तुला?" असं शेजारच्या ऑर्विलनं मधल्या भिंतीवरून विचारलं तेव्हा डेल्फिनाच्या हातात कॉफीचा मग होता, आणि ती "नाही" म्हणाली. म्हणाली म्हणजे तिच्या तोंडून ते गेलं. आवाज अगदी स्थिर होता. कोर्टात एकतीस वर्षं ती स्टेनो होती. न्यायाधीशांनी सांगितलं की मागच्या ओळी वाचून दाखवायची, त्या वेळी लागायचा तसा सपाट, कुणाचीच बाजू न घेणारा आवाज. ऑर्विलला त्यात काही खटकलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला, वीस वर्षांपूर्वी मिनेसोटाच्या बर्फाला कंटाळून बायकोला, इर्माला, घेऊन वाळवंटातल्या तूसॉनच्या या कडेला राहायला आलेला. पायात सपाता, अंगात रात्रीचाच शर्ट. "फाटक मीच उघडं ठेवलं," तो म्हणाला. "काल कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला आणि कडी लावायची राहिली. इर्मा असती तर मला घरात घेतलं नसतं." हे तो हसल्यासारखं करून म्हणाला आणि गल्लीकडे वळला. मग त्याच्या हाका सुरू झाल्या. डॉटी, डॉटी. दुसरी हाक तो थोडी वर उचलायचा, लहान मुलाला जेवायला बोलवावं तशी. कॉफी निवून गेली तरी डेल्फिना तिथंच उभी होती. आता जाऊन सांगावं, असं तिला वाटलं. पण एकदा 'नाही' म्हटल्यावर काय सांगायचं? मघाशी नव्हती दिसली, आता आठवलं?

आणि आठवायचं काय होतं त्यात? ते डोळ्यांपुढून हललंच नव्हतं. हे घर तिनं घेतलं होतं ते मागच्या अंगणासाठी. अंगणाला कमरेएवढी भिंत, आणि मागच्या भिंतीपलीकडे एकही घर नाही. निवडुंग, बाभळीसारखी मेस्कीटची झाडं, एक कोरडा ओढा आणि शेवटी कॅटलिनाचे डोंगर. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं कोपऱ्यात मातीचं एक पसरट थाळं ठेवलं, त्यात पाणी भरलं आणि दहा पावलांवर खुर्ची टाकली. रोज पहाटे पाचला ती त्या खुर्चीत असे. मांडीवर वही. असं बसायला तिला वडिलांनी शिकवलं होतं. ते तांब्याच्या खाणीत होते. रविवारी पोरीला घेऊन गुरांच्या पाण्याच्या एखाद्या जुन्या टाकीपाशी जायचे आणि दोघं दगडासारखी बसायची. गप्प बस, ते म्हणायचे, वाळवंटाला आपला विसर पडू दे. आणि खरंच एका घटकेनंतर तो पडायचा. हरणं यायची, सरडे पायावरून जायचे. पुढे कोर्टात नोकरी लागली तेव्हा तिला ते काम नवं वाटलंच नाही. तिथंही तेच होतं. आपण नाही आहोत, असं लोकांना वाटलं पाहिजे.

त्याच दिवशी, मंगळवारी, पहाटे पाच वाजून बावीस मिनिटांनी कायोटी आली होती. मादी, कोल्ह्याहून मोठी, लांडग्याहून लहान, उन्हाळ्यानं बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली, थानं लोंबणारी. पिल्लं असणार कुठंतरी ओढ्यात. तिनं भिंतीवरून उडी टाकली ती इतकी हलकी, की थाळ्यावर बसलेले होले उडालेसुद्धा नाहीत, नुसते बाजूला सरकले. उंच सग्वारो निवडुंगांची फळं फुटायचे दिवस होते. त्यांचा लाल गर खाऊन होल्यांच्या चोची आणि कपाळं रंगलेली. डोंगराच्या कडेवर ऊन आलं होतं, अजून अंगणात उतरलं नव्हतं. कायोटी पाणी प्यायली. मान वर केली. तिच्या हनुवटीवरून थेंब ओघळले आणि त्याच क्षणी ऊन भिंतीवरून खाली आलं. थेंब पेटले, तिचे पिवळे डोळे पेटले, कानांच्या पाळ्या आतून गुलाबी झाल्या. तेवढ्यात भिंत आणि तिच्या अंगणाचं फाटक यांच्यातल्या फटीतून डॉटी आत आली. ऑर्विलची कुत्री, पांढरी, केसाळ, चौदा वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती रोज नाही, पण कधीमधी यायची. तिला समोर कुणीतरी कुत्र्यासारखं दिसलं असावं, किंवा वास आला असावा. ती शेपूट हलवत पुढे गेली. कायोटी हलली नाही. नुसती बघत राहिली. एक पाऊल, दोन पावलं. डेल्फिनाला कळलं होतं. हे ती स्वतःपासून लपवू शकत नव्हती, की तिला कळलं होतं, आणि तरी ती हलली नाही. हललं की सगळं मोडेल, एवढंच मनात होतं. ते ऊन, ते थेंब. मग एक लहानसा आवाज झाला, दार चिकटलेलं असावं आणि उघडावं तसा, आणि भिंतीवरून जाताना कायोटीच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. होले तेव्हा उडाले. वहीत एकच ओळ राहिली: ५.२२, कायोटी, मादी, पाणी.

दुपारी ऑर्विल तिच्याकडे आला. इर्मा गेल्यापासून त्याच्या घरचा प्रिंटर बंद होता. डॉटी इर्माचीच; इर्मा आजारी असताना तिच्या पायाशी झोपायची, आणि ती गेल्यावर पंधरा दिवस त्या पलंगाखालून बाहेर आली नव्हती. हे त्यानं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. आता डेल्फिनाच्या टेबलाशी बसून पोस्टरसाठी फोटो निवडताना सांगितलं. "तू लिही," तो म्हणाला. "तुला नेमकं लिहायची सवय आहे." तिनं लिहिलं. हरवली आहे. पांढरी, लहान, वयस्कर, दिसत नाही, हाकेला येते. हरवली या शब्दापाशी तिची बोटं थांबली नाहीत, याचंच तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं. एकतीस वर्षांत खुनी बोलले, त्यांच्या आया बोलल्या, सराईत खोटारडे बोलले. सगळ्यांचं तिनं जसंच्या तसं उतरवलं, पण ते खोटं त्यांचं होतं. तिच्या स्वतःच्या हातातून उतरलेलं हे पहिलं. संध्याकाळी ऊन कललं तशी ती त्याच्याबरोबर पोस्टरं लावत हिंडली. टपालपेट्यांच्या रांगेपाशी, दुकानाच्या दारावर, दिव्यांच्या खांबांवर. तो कागद धरायचा, ती चिकटपट्टी लावायची. प्रत्येक खांबापाशी तो थोडा मागे सरून बघायचा, कागद सरळ लागलाय का. "कुत्री दोन दोन महिन्यांनी परत आल्यात," तो म्हणाला. "इथं सावलीत पाणी मिळालं तर काढेल ती दिवस. तुझ्याकडे असतंच पाणी. तू ते थाळं भरून ठेव." ती म्हणाली, "ठेवते."

त्या रात्री तिला झोप लागेना. कूलर घुरघुरत होता आणि त्या घुरघुरीत तिला जुना एक खटला ऐकू येऊ लागला. एका मोटेलच्या आवारात एका बाईला मारहाण झाली होती आणि दुसऱ्या एका बाईनं ती खिडकीतून पाहिली होती. साक्षीदार म्हणून ती उभी होती. वयस्कर, पाकीट दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. किती वेळ पाहिलंत, असं वकिलानं विचारलं. "फार नाही," ती म्हणाली, "दहा-बारा सेकंद." तो म्हणाला, "बघू या बारा सेकंद म्हणजे किती असतात," आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. कोर्टात कुणी खोकलंसुद्धा नाही. डेल्फिनाची बोटं यंत्रावर टेकलेली, उतरवायला शब्दच नाही. तेवढ्या वेळात माणूस उठून दारापर्यंत जाऊन परत येऊ शकतो, असं तिला तेव्हा वाटलं होतं. साक्षीदार बाई हळूहळू लाल होत गेली, मग पांढरी. त्या बाईचा तेव्हा डेल्फिनाला किती राग आला होता. निर्मळ, सोपा राग. आता ती अंथरुणावर उठून बसली आणि अंधारात मनातल्या मनात मोजू लागली. डॉटी फटीतून आत आली, तिथून. एक. दोन. शेपूट. चार. नऊपर्यंत गेलं. तिनं पुन्हा मोजलं, सात व्हावेत म्हणून जरा घाई केली. पुन्हा नऊच झाले.

दुसऱ्या दिवशी तिनं फिनिक्सला बहिणीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. चेलो स्वयंपाकघरात काहीतरी परतत होती. तिचा आवाज मधूनच लांब जायचा. "अगं, कुत्रं होतं ते," ती म्हणाली. "आणि म्हातारं कुत्रं. तू काय कायोटीशी कुस्ती खेळणार होतीस?"

"ओरडायचं होतं."

"मग ओरडली नाहीस. झालं. तुला लहानपणापासून ओरडायचं कळत नाही. आपल्या घरात आग लागली असती तर तू कागदावर लिहून आणून दाखवलं असतंस." चेलो स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ डेल्फी, त्याला सांगू नकोस. चार दिवस शोधेल, दमेल, विसरेल. तू सांगितलंस तर तुझं मन हलकं होईल आणि ते सगळं त्याच्या छातीवर जाऊन बसेल. एवढी स्वार्थी होऊ नकोस."

"तो म्हणतो त्याचंच चुकलं. फाटक उघडं राहिलं म्हणून."

"राहिलंच ना उघडं? मग?"

चेलोचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, आणि पटतही नव्हतं. डेल्फिनानं थाळं रिकामं केलं आणि भिंतीशी उपडं घातलं. ऑर्विलला दिलेला शब्द तिला आठवला. तरी ते तिनं पुन्हा उताणं केलं नाही. पहाटे जाग यायची ती पाचलाच. मग ती खुर्चीत न बसता स्वयंपाकघरातून बघायची. लाव्ह्यांची रांग यायची, पुढे बाप, मध्ये अक्रोडाएवढी पिल्लं, मागे आई. थाळ्याच्या जागी येऊन सगळी घोटाळायची, जमिनीला चोची लावायची आणि निघून जायची. होले भिंतीवर नुसते बसून राहायचे. एकदा डुकरासारख्या हावेलिनांचा कळप आला, त्यांनी उपडं थाळं नाकानं ढकलून पाहिलं. तो आवाज तिला सहन झाला नाही. ती आतल्या खोलीत गेली. इतकी वर्षं तिनं हे सगळं पाहिलं ते प्रेमानं, असं तिला वाटत होतं. आता वाटायला लागलं, की पाणी आपण ठेवलं ते त्यांच्या तहानेसाठी नव्हतंच. आपल्याला बघायला मिळावं म्हणून ठेवलं. पाण्याला कायोटी आली, आणि शेजारचं आंधळं कुत्रंही आलं, आणि आपण वही उघडून बसलो. खरं तर हे असं एका रेषेत मांडणंही तिला खोटं वाटे. मग ती भांडी घासायला घेई, घासलेलीच.

सातव्या दिवशी ऑर्विलला फोन आला. दुकानात पोस्टर पाहिलेल्या कुणा बाईनं सांगितलं, की ओढ्याच्या वळणावर, विजेच्या तारांखाली, तिनं पांढरं लहान कुत्रं पाहिलं. हे तो डेल्फिनाला सांगायला आला तेव्हा ती बाजारात गेली होती. तिच्या दारात त्यानं चिठ्ठी खोचून ठेवली होती: वळणावर जातो आहे, आहे ती. चिठ्ठीवर वेळ होती दहाची. डेल्फिनानं ती वाचली तेव्हा एक वाजून गेला होता आणि बाहेर एकशे नऊ डिग्री होतं. माणसाच्या अंगात एवढा ताप असता तर घरच्यांनी पाद्र्याला बोलावलं असतं. तिनं पाण्याच्या बाटल्या घेतल्या, दोन टॉवेल भिजवले आणि गाडी काढली. शेवटचा पाव मैल गाडी जात नव्हती. ओढ्यातली वाळू बुटांतूनही भाजत होती. एकही पाखरू बोलत नव्हतं. तो एका मेस्कीटखाली बसलेला सापडला, चाळणीतून पडावी तेवढ्या सावलीत. हॅट मांडीवर, चेहरा विटेसारखा, कपाळ कोरडं. घाम आटला होता. इथं राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिनं त्याच्या मानेवर टॉवेल टाकला, बाटली तोंडाला लावली. तो थोडं प्यायला, आणि उरलेली बाटली त्यानं पायाशी वाळूत उभी करून ठेवली.

"डॉटीला राहू दे," तो म्हणाला.

"ऑर्विल, उठा. घरी जाऊ."

"त्या बाईनं इथंच पाहिलं. दुपारी ती बाहेर पडणार नाही, कुठंतरी सावलीत असेल. संध्याकाळपर्यंत बसतो."

"संध्याकाळपर्यंत तुम्ही नाही राहणार."

"नाही राहिलो तर नाही. फाटक मी उघडं ठेवलं ना?"

त्याच्या हाताला तिनं धरलं. तो लहान मूल अंग टाकतं तसा जड झाला. दोनदा ओढून पाहिलं. रस्त्यापर्यंत जाऊन माणसं बोलवावीत तर तेवढा वेळ नव्हता. तेव्हा ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, वाळू कापडातून चटका देत होती, आणि म्हणाली, "डॉटी इथं नाही. त्याच दिवशी सकाळी कायोटीनं नेली तिला. माझ्या अंगणातून. मी पाहिलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. डोळे निळे, कडांना लाल. तिला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून ती पुन्हा सांगणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, "किती लांब होतीस?"

"दहा पावलं."

"तिला कळलं का? डॉटीला?"

"नाही. ती शेपूट हलवत होती."

"किती वेळ?"

"नऊ सेकंद."

त्यानं मान हलवली, जणू एखाद्या बिघाडाचं कारण सांगितलं होतं आणि ते त्याला जुळत होतं. मग विचारलं, "आणि तू ओरडली नाहीस."

"नाही."

"का?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, सात रात्री तिनं त्याची उत्तरं जुळवली होती. घाबरले. कळलंच नाही. सगळं फार पटकन झालं. त्यातलं एकही आता तोंडात येईना. "फार सुंदर दिसत होतं," ती म्हणाली. "मोडवलं नाही माझ्याच्यानं."

ऑर्विलनं हॅट डोक्यावर ठेवली आणि हात पुढे केला, तिनं उठवावं म्हणून. गाडीपर्यंत त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर होता. वाटेत दोनदा तो थांबला आणि ती त्याच्या मानेवर पाणी ओतत राहिली. दवाखान्यात त्याला चार तास सलाईन लावलं होतं. घराशी उतरताना तो म्हणाला, "ती पोस्टरं काढून टाक." दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं काढली. चौतीस लावली होती, तेहतीस सापडली. चिकटपट्टी उन्हानं वितळून खांबांना बसली होती, नखांनी खरवडावी लागली.

त्यानंतर आठवडाभर मधल्या भिंतीपलीकडून काही आवाज नव्हता. नुसता रेडिओ, तोही हळू. ती त्याच्यासाठी सूप करून दारात ठेवायची. संध्याकाळी भांडं धुऊन पायरीवर असायचं, चिठ्ठी नाही, काही नाही. तिला वाटत होतं त्यानं यावं आणि वाटेल ते बोलावं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं त्या अक्षरन् अक्षर ऐकून घेतल्या असत्या. मग एका पहाटे, पाचला, फाटकाची कडी वाजली. ऑर्विल आत आला, हातात स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. ती त्यानं तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी ठेवली, बसला, आणि डेल्फिना दारात आली तेव्हा म्हणाला, "पाणी ठेवत नाहीस हल्ली?"

"बंद केलं."

"भर."

तिनं थाळं उताणं केलं, त्याखालचा विंचू चपलेनं बाजूला सारला, पाणी भरलं आणि त्याच्या शेजारी बसली. त्या दिवशी लाव्हे आले, होले आले. सहा वाजता तो खुर्ची तशीच ठेवून घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. शेजारी त्याचा श्वास वाजत होता आणि तिला पाखरं दिसत असूनही दिसत नव्हती. वही तिनं आतच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी भिंतीवर कान दिसले. कायोटी उतरली, तीच असावी, आणि तिच्यामागून धडपडत दोन पिल्लं, पाय अंगाला मोठे झालेली. ऊन डोंगराच्या कडेवर होतं. ती प्यायली, पिल्लं थाळ्यात पाय घालून प्यायली. डेल्फिनानं प्रथमच तिकडे पाहिलं नाही. ती ऑर्विलकडे बघत होती. तो पुढे वाकला होता, ओठ किंचित उघडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं ओळखलं. ते कधी आरशात पाहिलं नव्हतं, पण आपल्या चेहऱ्यावर तेच असणार. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो ओरडला. नुसताच हेऽ असा, फाटका, म्हाताऱ्या छातीतून कसाबसा निघालेला आवाज, मोठासुद्धा नाही. अंगण एका झटक्यात रिकामं झालं. थाळ्यातलं पाणी हिंदकळत होतं आणि वर होल्यांच्या पंखांची फडफड लांब जात होती.

"एवढंच करायचं होतं," ऑर्विल म्हणाला.

रागानं नाही. कुठला स्क्रू ढिला झाला होता ते शिकाऊ माणसाला दाखवावं तसं. डेल्फिनानं मान हलवली. तिला वाटलं आता तो उठेल, खुर्ची उचलेल आणि पुन्हा कधी येणार नाही. पण तो उठला नाही. खोकला, गुडघ्यावर हात ठेवून जरा सरळ झाला, आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "परत येईल का ती?"

"तहान अर्धीच राहिली. येईल."

"पिल्लं धरून तीन तोंडं झाली."

"हो."

"मग बसतो," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसून राहिली. ऊन आता भिंत उतरून थाळ्याकडे सरकत होतं. या वेळी तो ओरडणार की नुसता बघणार, हे तिला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. आणि तो गप्प राहिला तर आपण काय करणार, हेही तिला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे वाळूवर काहीतरी हललं. दोघांनीही तिकडे पाहिलं.